लाल म्हणजे धावत या

तो पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर शिडी होती, हातात पाण्याची बादली होती, गळ्यात प्रथमोपचाराची पेटी लटकत होती, आणि त्याला इतकी धाप लागली होती की बोलताच येईना. मी झोपडीच्या पायरीवर बसून केस पुसत होते. बेटावर पाऊल ठेवून मला जेमतेम अर्धा तास झाला होता.

"कुठे... कुठे आहे?" त्याने विचारलं.

"काय कुठे आहे?"

"आग. की साप निघालाय? की कोणी पडलंय?"

मी आजूबाजूला पाहिलं. समोर समुद्र, मागे माडांची रांग, आणि आत खाटेवर माझी आत्या तोंडावर पुस्तक घेऊन घोरत पडलेली.

"माझी आत्या घोरतेय," मी म्हणाले. "तेवढंच आहे. पण त्याला शिडी लागत नाही."

त्याने बादली खाली ठेवली. निम्मं पाणी वाटेतच सांडलं होतं, उरलेलं त्याच्या चपलांवर सांडलं. मग त्याने झोपडीसमोर दोन बांबूंना बांधलेल्या दोरीकडे बोट दाखवलं.

"मग हे काय आहे?"

"माझा स्कार्फ. लाँचमधून उतरताना भिजला. दोरी दिसली, वाळत घातला. तुमच्याकडे दोरीचं दुसरं काही करतात का?"

"करतात ना," तो म्हणाला, आणि शिडीला टेकून हसायला लागला. "आमच्याकडे लाल म्हणजे धावत या."

दाराच्या मागे पाटी होती म्हणे. सगळ्यांनी आल्या आल्या वाचायची असते. मी आल्या आल्या आरसा शोधला होता. पाटीवर लिहिलं होतं की झोपड्या सात, स्वयंपाकघरापासून लांब लांब, फोन नाही, आणि हाक मारली तर वाऱ्यावर जाते. म्हणून प्रत्येक झोपडीत कापडांची एक टोपली ठेवलेली असते. पांढरं लावलं की चहा येतो. पिवळं लावलं की कोणी उठवत नाही. निळं म्हणजे आम्ही पोहायला गेलोय, अंधार पडेपर्यंत परतलो नाही तर शोधा. आणि लाल म्हणजे सगळं टाकून धावत या.

"तीन वर्षांत पहिल्यांदा लाल लागलं," तो म्हणाला. "काकी खिडकीतून ओरडली आणि मी छपरावरून उडी मारली."

"लागलं का कुठे?"

"विचारलंत, एवढं पुरे आहे."

त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता आणि पापण्यांवरसुद्धा. कपाळावरून घामाचा एक ओघळ भुवईपाशी येऊन अडला होता, आणि शिडी-बादली पुन्हा उचलल्यावर तो पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. मी त्याचं तिथल्या तिथे बारसं करून टाकलं. शिडीवाला. तो वळून निघाला तेव्हा शिडीचं मागचं टोक दोरीला लागलं आणि माझा स्कार्फ वाळूत पडला. त्याने तो उचलला, झटकला, आणि या वेळी पायरीच्या कठड्यावर ठेवला, अगदी जपून.

मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण मी रंगांत हुशार आहे, बाकीच्या बाबतीत आमच्याकडे जरा उशिराच उजाडतं.

*

मी कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करते. अकरा वर्षं झाली. गिऱ्हाईक एक चिंधी आणून देतं, म्हणतं अगदी हाच रंग हवा, आणि मी तो काढून देते. मोजायला आता यंत्रं आलीत, पण यंत्राचं झालं की शेवटी सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. आमचे म्हातारे रंगमास्तर निवृत्त होत होते, आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोघं उरलो होतो. एक मी, आणि एक गृहस्थ, ज्यांना संध्याकाळनंतर निळ्या-जांभळ्यातला फरक कळत नाही पण ते सांगतात फार ठासून. शुक्रवारी सकाळी नऊला परीक्षा होती. समोर एक चिंधी ठेवणार, आणि दुपारपर्यंत नुसत्या डोळ्यांनी बघून तोच रंग मिसळून दाखवायचा. त्या खुर्चीत आजवर एकही बाई बसली नव्हती. मला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की दोन महिने मला स्वप्नंसुद्धा रंगाच्या बादल्यांची पडत होती.

म्हणून आत्याने मला इथे उचलून आणलं. आत्या तीस वर्षं मुख्याध्यापिका होती, त्यामुळे तिने ठरवलं की ठरलं. "रविवार ते गुरुवार, चार दिवस डोळ्यांना विश्रांती. रंगाचं नाव काढायचं नाही." मी मान डोलावली, आणि बॅगेत कपड्यांच्या खाली रंगाच्या पुड्यांचा डबा लपवला.

सोमवारी सकाळी मी पांढरं कापड लावलं. पाच मिनिटांत चहा घेऊन शिडीवाला हजर. बिनशिडीचा.

"आज काही पेटलेलं नाही ना?"

"अजून तरी नाही," मी म्हणाले. मग माझ्याच बोलण्याचा मला अर्थ लागला आणि मी घाईघाईने टोपली पुढे ओढली. "मला तुमच्याशी भांडायचंय. हे काय आहे?"

"लाल कापड."

"हा लाल नाही. एके काळी असेल. आता हा तापातल्या माणसाच्या जिभेचा रंग आहे. आणि हा पिवळा बघा, हा पांढऱ्याच्या इतका जवळ गेलाय की त्यांचं लग्न लावून द्या. कोणाला दुरून कळणार आहे?"

तो पायरीवर बसला. बसला तो थेट माझ्या शेजारी, आणि दोघांच्या मधे फक्त चहाचा ट्रे.

"म्हणजे तुम्हाला कळलं तर," तो म्हणाला. "काल तीन नंबरच्या पाहुण्यांनी पिवळं लावलं, उठवू नका म्हणून. काकीला ते पांढरं दिसलं. मी त्यांना चार वेळा उठवून चहा दिला. चौथ्या वेळी त्या माणसाने मला काही न बोलता मिठी मारली. मला वाटतं, तो रडत होता."

मी इतकी हसले की चहा हिंदकळला. आतून आत्याचा आवाज आला, "कोण आहे गं?" आणि मी म्हणाले, "चहा आहे, आत्या." तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मला आजवर बरंच काही म्हटलंय लोकांनी. चहा कोणी म्हटलं नव्हतं."

दुपारपर्यंत ही गोष्ट काकींच्या कानावर गेली. काकी म्हणजे त्याची काकी, लॉजची मालकीण. ठेंगण्या, कमरेला टॉवेल, कायम काहीतरी सोलत असलेल्या. त्या आमच्या झोपडीशी आल्या आणि सरळ म्हणाल्या, "पोरी, सुट्टीवर आलेल्या माणसाला काम सांगू नये. पण सांगते. आमची कापडं रंगवून देशील?"

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चार दिवस रंगाचं नाव काढायचं नाही, असं कोणाचं ठरलं होतं?"

"आत्या, समोरून काम चालून आलंय..."

"आणि रंग कुठून आणणार?"

मी बॅगेकडे बघितलं. आत्या उठली, माझी बॅग उघडली, कपड्यांच्या खालून डबा काढला आणि काकींच्या हातात दिला. "ताकाला जाऊन भांडं लपवते," ती म्हणाली. "पण काम चोख करते, हे मात्र खरं. तुम्हाला पत्ते खेळता येतात का?"

काकींना येत होते. तिथून पुढे त्या दोघी आम्हाला फारशा दिसल्या नाहीत.

*

मंगळवारी स्वयंपाकघरामागच्या पडवीत आम्ही दोन मोठी पातेली चढवली. मी केस वर बांधले, बाह्या दुमडल्या. शिडीवाल्याचं काम लाकडं पुरवायची आणि मी सांगेन तेव्हा ढवळायचं. पहिल्याच पातेल्याला त्याने समुद्राच्या पाण्याची बादली आणली.

"सुती कापडाला रंग धरायला मीठ लागतं म्हणालात ना? आमच्याकडे मीठ आयतंच आहे पाण्यात."

"परत ओता ते. समुद्राच्या पाण्यात रंग बसेलही, पण कसा बसेल हे मला सांगता येणार नाही. गोडं पाणी, आणि डब्यातलं मीठ. मोजून."

"सगळं मोजून करता?"

"सगळं."

"बरं," तो म्हणाला. "मग आतापर्यंत मी तुमच्याकडे किती वेळा बघितलं?"

मी पातेल्यातून मान वर काढली नाही. वाफेने तोंड लाल झालं असेल, तर ते वाफेचंच होतं. "सतरा," मी म्हणाले.

"एकोणीस," तो म्हणाला. "दोनदा तुमचं लक्ष नव्हतं."

लाल आधी काढला. कापड पातेल्यातून वर आलं तेव्हा तो बघतच राहिला. "बाप रे, हा तर काळपट झाला."

"ओला रंग खोटं बोलतो," मी सांगितलं. "ओलं कापड नेहमी गडद दिसतं. वाळल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या धंद्यातला पहिला धडा."

"माणसांच्या बाबतीतही असंच करता? वाळेपर्यंत थांबता?"

"थांबते. बहुतेक जण वाळले की फिके निघतात."

त्याने कापडाचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून पिळायला सुरुवात केली. तो एका बाजूने, मी दुसऱ्या. पिळता पिळता कापड आखूड होत जातं, हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे. तरी त्याची बोटं माझ्या बोटांना लागली तेव्हा मी दचकले. दोघांचेही हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"सोड ना," मी म्हणाले.

"तू सोड."

'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंच नाही. पडवीत धूर होता, पातेलं रटरटत होतं, आणि दोघांपैकी कोणीच सोडलं नाही... मग काकींनी आतून हाक मारली, "झाला का रे लाल?" आणि तो ओरडला, "झाला, झाला," आणि माझ्याकडे बघून पुटपुटला, "चांगलाच झाला."

त्या दिवशी त्याने मला बरंच सांगितलं. सहा वर्षं शहरात खुर्च्या बनवत होता, मोठ्या कारखान्यात. मग काकीच्या एकटीच्याने लॉज रेटेना, म्हणून परतला. या सातही झोपड्या त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने उभ्या केल्या होत्या. "सहा वर्षं खुर्च्या केल्या," तो म्हणाला, "पण एकाही खुर्चीत कोण बसलं ते मला दिसलं नाही. इथे दिसतं. तू कालही, आजही दुसऱ्या पायरीवर बसलीस. पहिल्या पायरीची फळी जरा कुरकुरते, म्हणून. आज ती मी बदललीये."

मी त्याला माझ्या खुर्चीचं सांगितलं. परीक्षेचं, त्या गृहस्थांचं, म्हाताऱ्या रंगमास्तरांचं. सांगताना माझा आवाज चढत गेला असावा, कारण त्याने ढवळणं थांबवलं.

"ती तुझीच आहे," तो म्हणाला. "दुसरं कोणी बसलं तर ती खुर्ची मोडायला मी स्वतः येईन."

*

शेवटचं कापड हिरवं होतं. ते झोपडीचं नव्हे, धक्क्याचं. लाँच इथे आठवड्यातून दोनदाच येते, रविवारी आणि गुरुवारी. कोणाला उतरायचं असेल तर थांबतेच. पण कोणाला चढायचं असेल तर धक्क्याच्या खांबावर हिरवं कापड लावावं लागतं. ते दिसलं नाही तर लाँचवाले काका लांबूनच पुढे निघून जातात.

"हिरवा कसा हवा?" मी बुधवारी विचारलं.

"तुला आवडेल तो," शिडीवाला म्हणाला.

मी पडवीच्या पायरीवर बसले आणि समोर बघत बघत हिरवा मिसळला. थोडा पिवळा, निळा त्याहून थोडा, काळ्याची एक चिमूट. मला इतका सुंदर हिरवा आयुष्यात जमला नव्हता. कापड बाहेर आलं तेव्हा गडद, खोल दिसत होतं. वाळत घालायला दोरीपाशी गेलो आणि आभाळ फुटलं.

चारही बाजूंनी सर आली. आम्ही कापडं गोळा करून पडवीत पळालो आणि मिळेल तिथे लटकवत सुटलो. मग जागाच उरली नाही. इकडे लाल, तिकडे पिवळं, मधे निळं, आणि त्या सगळ्या ओल्या कापडांच्या आत आम्ही दोघं. छपरावर पावसाचा एवढा आवाज की कुजबुजायचं तरी ओरडून कुजबुजावं लागत होतं.

"उद्या..." तो म्हणाला.

"उद्या लाँच आहे," मी म्हणाले.

"हो. दहाला येते."

"माहितीये."

त्याच्या गालावर निळा डाग होता. मी स्कार्फच्या टोकाने तो पुसायला गेले, आणि त्याने माझं मनगट धरलं. नुसतं धरलं. मला वाटलं, आता म्हणेल. म्हण ना बाबा... काहीही म्हण.

"तुझी परीक्षा चांगली होईल," तो म्हणाला, आणि मनगट सोडून दिलं.

मला इतका राग आला की मी पावसात तशीच झोपडीकडे निघून गेले. आत्याने मला नखशिखांत पाहिलं. हात हिरवे, पाय चिखलाचे, डोळे लाल. "छान झाली डोळ्यांना विश्रांती," ती म्हणाली, आणि टॉवेल पुढे केला.

*

गुरुवारी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. कापडं रात्रभर पडवीतल्या दमटपणात राहिली होती, त्यामुळे हिरवं अजून ओलंच होतं. शिडीवाल्याने ते तसंच नेऊन धक्क्याच्या खांबावर बांधलं. मागे माडांची गर्द रांग, त्यावर तो काळपट हिरवा चांगला उठून दिसत होता. मी बॅगेवर समुद्राकडे तोंड करून बसले. आत्या शेजारी छत्री घेऊन उभी. काकी आत्याला निरोप द्यायला आल्या होत्या आणि दोघी अजून कालच्या डावावरून वाद घालत होत्या. शिडीवाला मागे कुठेतरी उभा होता. मी ठरवलं होतं की मागे वळून बघायचं नाही.

दहाला लाँच दिसली. पांढरा ठिपका, मग पांढरी लाँच. जवळ आली, समोर आली... आणि सरळ पुढे जायला लागली.

"अगं, थांबत का नाहीये?" आत्या म्हणाली.

मी उभी राहिले, हात हलवले, ओरडले. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय. मी गर्रकन वळून खांबाकडे पाहिलं.

कापड नव्हतं.

म्हणजे होतं. वाऱ्यावर मजेत फडफडत होतं. दोन तासांच्या उन्हात खणखणीत वाळलं होतं, आणि वाळून बरोबर माडाच्या झावळ्यांच्या रंगाचं झालं होतं. इतकं बरोबर की ते कुठे संपतं आणि झावळ्या कुठे सुरू होतात हे मला, अकरा वर्षं रंग जुळवणाऱ्या बाईला, दहा पावलांवरून सांगता आलं नसतं. पायाखालची वाळू सरकली असं लोक म्हणतात. मी तर उभीच वाळूवर होते.

"शुक्रवार," मी म्हणाले. माझ्या तोंडून एवढाच शब्द निघाला. पुढची लाँच रविवारी होती. डोळ्यांसमोर ते गृहस्थ आले, माझ्या खुर्चीत पाय पसरून बसलेले.

शिडीवाल्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तो धावला. मी त्याला दुसऱ्यांदा तसा धावताना पाहत होते. धक्क्याखाली त्याची छोटी इंजिनाची होडी बांधलेली असते. त्यात उडी घेऊन तो ओरडला, "बॅग टाक. लाँच उत्तरेच्या खडकांना लांबून वळसा घालते. आपण आतून जाऊ."

"वरातीमागून घोडं," आत्या म्हणाली. "मी काही त्या टोपल्यात पाय ठेवणार नाही. परीक्षा तुझी आहे. तू पळ. मी येईन सावकाश रविवारी, किंवा तू ये मला न्यायला." आणि काकींना म्हणाली, "चला, तो डाव पुरा करू."

इंजिन चौथ्या ओढीला सुरू झालं. होडी लाटांवर आपटत निघाली, तोंडावर खारं पाणी, डोळ्यांत केस. मी दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते आणि मनातल्या मनात लाँचला शिव्या घालत होते.

"एक सांगायचंय," तो मागून ओरडला.

"आत्ता?"

"आत्ताच. मला नऊ वाजताच दिसलं होतं. कापड वाळत होतं, तसतसं ते दिसेनासं होत होतं. मी तिथे उभा राहून बघत होतो. बोललो नाही."

मी वळले. "काय?"

"वाटलं, लाँच गेली तर... रविवारपर्यंत तू... मग लाँच खरंच गेली, आणि तुझा चेहरा बघितला. चुकलं माझं. फार चुकलं."

मला संताप यायला हवा होता. आलाही. मी तोंड उघडलं, एक लाट आत आली, आणि खोकता खोकता मला काल पडवीच्या पायरीवर बसलेली मी आठवली. हिरवा मिसळताना मी कुठे बघत होते? माडांकडे. ओला रंग खोटं बोलतो हे कोणी शिकवलं होतं त्याला? मी. आणि सकाळी ओलं कापड खांबावर चढताना मूग गिळून कोण बसलं होतं? डोक्याला ठाऊक नसेल कदाचित. हातांना नक्की ठाऊक होतं.

पण हे मी त्याला त्या वेळी सांगितलं नाही. थोडं भाव खायला नको का.

"काहीतरी लाव वर," तो ओरडला. "त्यांनी बघायला हवं."

मी गळ्यातला स्कार्फ सोडला, होडीत उभी राहिले आणि तो डोक्यावर धरून फडकवला. माझ्या हातचा लाल. लाँच खडकांचा वळसा घेत होती. एकदम तिचा आवाज बदलला, ती हळू झाली, थांबली. आम्ही शेजारी पोचलो तेव्हा सगळे उतारू कठड्याशी गोळा झाले होते आणि लाँचवाले काका हातात दोर घेऊन वाकले होते.

"कोण बुडतंय?"

"कोणी नाही, काका," शिडीवाला म्हणाला. "हिला उद्या परीक्षेला बसायचंय."

"त्यासाठी लाल दाखवलंत? हिरवं कुठाय?"

"हिरवं आहे," मी म्हणाले. "पुन्हा कधीतरी दाखवते."

बॅग वर गेली. मी शिडीला हात घातला. लाँचची शिडी होती, पण खालून धरली होती त्यानेच. एक पायरी चढले, आणि तो म्हणाला, "थांब."

सगळे उतारू ऐकत होते. एक बाई तर चांगली पुढे वाकली.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज नाही कापला. "काल म्हणायचं होतं. तुझ्या परीक्षेत मधे येईन असं वाटलं, म्हणून गिळलं. आणि आज त्याहून वाईट केलं. तू रागाव, हवं तेवढं रागाव. फक्त... रविवारी ये."

"आत्याला न्यायला यावंच लागेल," मी म्हणाले.

"आत्याला सोडून विचारतोय."

मी स्कार्फ त्याच्या हातात टाकला. "वाळत घाल," मी म्हणाले. "ओला आहे." आणि वर चढले, कारण आणखी एक मिनिट थांबले असते तर त्या गृहस्थांना खुर्ची सुखाने लाभली असती.

*

शुक्रवारी नऊला त्यांनी समोर चिंधी ठेवली. हिरवी. मला हसूच आलं. परीक्षकांना वाटलं मी घाबरले. मी अकराच्या आत रंग मिसळला, पण माझी रंगवलेली चिंधी त्यांच्या हातात दिली नाही. म्हणाले, "वाळू द्या." त्या गृहस्थांनी आपली ओलीच दिली. दुपारी दोन्ही चिंध्या खिडकीत ठेवल्या, आणि म्हातारे रंगमास्तर आपल्या खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "बसून बघ जरा."

बसले. खुर्ची कुरकुरत होती. कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची, ते मी तिथेच ठरवून टाकलं.

रविवारी लाँचमध्ये मी सगळ्यात पुढे उभी होते. मांडीएवढी उंच लाट आली तरी मागे हटले नाही. बेट दिसायला लागलं तसे लाँचवाले काका डोळे किलकिले करून पुढे बघायला लागले.

"हे काय झालंय?" ते म्हणाले. "अख्ख्या लॉजला आग लागलीये की काय?"

एक नंबरच्या झोपडीवर लाल होतं. दोनवर लाल. तीन नंबरचा तो बिचारा झोपाळू पाहुणा, त्याच्याही दोरीवर लाल. सातच्या सात झोपड्यांवर माझ्या हातचा लाल वाऱ्यावर सपासप उडत होता, आणि धक्क्याच्या खांबावर सगळ्यांत उंच माझा स्कार्फ. चांगला वाळलेला. जराही फिका पडलेला नाही.

लाँच पुरती टेकायच्या आधी मी उडी मारली. धक्क्याच्या त्या टोकाला तो उभा होता. शिडी नाही, बादली नाही, दोन्ही हात मोकळे. मी धावले. पाटीवर स्पष्ट लिहिलंय की लाल दिसलं तर काय करायचं.

"खुर्ची?" त्याने माझ्या केसांत तोंड खुपसून विचारलं.

"मिळाली. कुरकुरते. शहरात येऊन बघून जा."

"कधी येऊ?"

"तू एक रविवार ये. मी एक रविवार येईन."

मागून आत्याचा आवाज आला, "आणि मी कधी जाऊ, हे कोणी विचारतंय का?" आणि काकी म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा, तुमची उतारी आहे."

मी त्याच्यापासून जराशी सुटले, बॅग उघडली आणि घडी केलेलं कापड बाहेर काढलं. भगभगीत नारिंगी. माडांत, वाळूत, समुद्रात, आभाळात, कशातच मिसळणार नाही असा. शनिवारचा अख्खा दिवस मी त्याच्यावर घालवला होता.

"हिरव्याच्या जागी हे लाव," मी म्हणाले. "आता लाँच चुकून चालणार नाही. आपल्याला ती जन्मभर लागणार आहे."

त्याने कापड हातात घेतलं, उन्हात धरलं, आणि मग माझ्याकडे बघत विचारलं, "तो हिरवा... चुकून झाला होता ना गं?"

"ते मी रविवारी सांगेन," मी म्हणाले.

"आज रविवारच आहे."

"मग मुद्दाम," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं खांबाशी कापड बांधायला गेलो.